तालाता आत्याचं मुसळ

मित्रांनो, माझा सगळा जन्म ऐकण्यात गेला. बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली आहे. मी गावरेडिओचा जुना टेपरेकॉर्डर. कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात पडून असतो. वरच्या कप्प्यात नवे मोबाईल चार्ज होतात. माझं एक बटण तुटलं आहे आणि झाकण रबराने बांधलेलं आहे. पिशवी मात्र शाबूत आहे. ती मारादी शहराच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्याने लाल बकरीच्या कातड्याची शिवली. कारखान्यात मला कोणी जोडलं ते मी विसरलो, त्या म्हाताऱ्याचा हात विसरलो नाही.

मी बल्कीचा होतो. बल्की म्हणजे आमच्या रेडिओवरचा शुक्रवारचा आवाज. तिच्याआधी नायजरमधल्या दुष्काळाच्या बातम्या राजधानीतून फ्रेंचमध्ये यायच्या. बायाबापड्या दोन मिनिटं ऐकत आणि रेडिओ बंद करत. कुठल्या गावच्या कणग्यांनी तळ गाठला, कुठे टोळ उतरले, कुठे पेरणीची घाई नको, हे बल्कीने पहिल्यांदा आमच्या हौसा भाषेत सांगितलं. मोटारसायकलवरून ती गावोगाव हिंडायची आणि मी तिच्या खांद्याला. "लाल पिशवीवाली आली!" अशी आरोळी उठली की मलाच मोठेपण आल्यासारखं वाटे. धान्य वाटणारी समितीसुद्धा शुक्रवारी कान देऊन बसे. बल्की ज्या गावाचं नाव घेई, तिकडे ट्रक आधी जाई.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. नवं कणीस यायला अजून दोन महिने होते. बल्की मला घेऊन गिदान कुकाला, आपल्या गावी गेली. तिला आई नव्हती. तालाता आत्यानेच तिला लहानाची मोठी केली होती.

"आलीस का गं? रेडिओवर जगाची विचारपूस करतेस, आणि आत्या मेली का जगली ते बघायला सवड नाही!"

"आत्या, ओरडू नकोस, या यंत्राचा आवाजाचा काटा हलतोय बघ."

"हलू दे. कुणीतरी हलतंय माझ्या ओरडण्याने!"

आत्याने वाडगाभर फुरा पुढे केला. आंबट दुधात कालवलेले बाजरीचे गोळे. बल्की उन्हातून आलेली, ती घटाघट प्याली.

"तू नाही घेत?"

"माझं केव्हाच झालं. म्हातारीच्या पोटात मावतं तरी किती?"

मग बल्कीने माझं बटण दाबलं. "आत्या, कणगीत किती आहे? खरं सांग."

"आहे की. देवाची कृपा आहे. कणगी उघडून दाखवायला आपण काय तमाशा मांडलाय?"

आमच्याकडे दुसऱ्याच्या कणगीत डोकावत नाहीत, आणि 'संपलं' हा शब्द घराबाहेर काढत नाहीत. संध्याकाळी मुसळ मात्र वाजलंच पाहिजे. ज्या घरातून ते ऐकू आलं नाही, त्या घरी चूल पेटणार नाही हे साऱ्या गावाला कळतं. बल्कीला कार्यक्रमासाठी तोच आवाज हवा होता.

"लांबच उभी राहा," आत्या म्हणाली, "कोंडा उडून तुझ्या लाडक्याच्या पोटात जाईल." ती कुडाआड गेली आणि मुसळ पडू लागलं. शेजारून दुसरं सुरू झालं, पलीकडून तिसरं.

"काय स्वच्छ आवाज आलाय!" कानांवरचा हेडफोन दाबत बल्की म्हणाली.

स्वच्छच येणार, मित्रांनो. मुसळ दाण्यांवर पडलं की आवाज दबतो, जाड होतो. हा लाकडावर लाकडाचा आवाज होता. मी तो जसाच्या तसा टिपला. टिपण्यापलीकडे मला काही येत नाही, याचं दुःख मला त्या दिवसाआधी कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी बल्की मोठ्या अभिमानाने म्हणाली, "ऐका! माझ्या गावची मुसळं अजून वाजतायत." ट्रक गिदान कुकाच्या फाट्यावरून न थांबता पुढे गेला.

तीन आठवड्यांनी निरोप आला. बल्की पोहोचली तेव्हा आत्याची माती होऊन गेली होती. तिने पहिल्यांदाच कणगी उघडली. आतून झाडून काढलेली. उखळाच्या तळाशी पीठ नव्हतं, लाकडाची कुसळं होती. आढ्याला बियाण्याची कणसं टांगायची दोरी रिकामी लोंबत होती. तो फुरा कशाचा होता, ते बल्कीला तिथे कळलं.

शेजारची देलू दारातच उभी होती. "आम्हाला वाटायचं, तालाताकडे अजून कांडतायत, मग आपणच कसं म्हणायचं संपलं?" ती म्हणाली. "आमचं ऐकून तिलाही तसंच वाटलं असणार गं."

पुढच्या शुक्रवारी बल्की माईकसमोर बसली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. तिने दोन आवाज वाजवले, आधी दाण्यांवरच्या मुसळाचा, मग आत्याचा. "आपल्या गिदान कुकात ज्या घरी हा दुसरा आवाज येतो, तिथल्या आयाबहिणींनो, तोंडाने काही बोलू नका. उद्या संध्याकाळी फक्त मुसळ उचलू नका. मी येते ऐकायला."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गिदान कुकाच्या वेशीवर उभी राहिली. दिवस मावळला. शेरडं परतली, कुठेतरी एक मूल रडलं. एकही मुसळ वाजलं नाही. मी कॅसेटच्या अख्ख्या बाजूवर ती शांतता भरून घेतली, आणि बल्की तोंडात ओढणीचा बोळा धरून उभी होती. तिसऱ्या दिवशी ट्रक आला.

ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. एका बाजूला आत्याचं मुसळ, दुसऱ्या बाजूला गप्प गाव. फीत आता विरली आहे, फार दिवस टिकायची नाही. माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्यापुढे वाडगा ठेवून कोणी म्हणालं, "माझं केव्हाच झालं," तर लगेच तोंडाला लावू नका. आधी अर्धा त्याच्याकडे सरकवा.

बल्कीचे केस आता पांढरे झालेत. दुपारी ती या कपाटासमोरच जेवायला बसते. अर्धं खाते, आणि वाडगा समोर सरकवून थोडा वेळ थांबते. समोर कोणीच नसतं.