चंदेरी पट्टीखालची पंचवीस अक्षरं

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. नऊ वाजताच पत्र्याखाली उकडायला लागलं होतं.

मला सांगायचं आहे ते या दिवसाबद्दल. पण बोलतोय कोण, ते आधी सांगितलेलं बरं. मी एक कार्ड आहे, तळहातावर मावेल एवढं. संगणकावर पत्रं लिहायला आणि तक्ते भरायला जे सॉफ्टवेअर लागतं, त्याची किल्ली माझ्याकडे असते. किल्ली म्हणजे पंचवीस इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पाच-पाचाच्या पाच गटांत. ती माझ्या पाठीवर छापलेली असतात आणि त्यांच्यावर चंदेरी पट्टी असते. नाण्याने पट्टी खरवडायची, अक्षरं संगणकात टाकायची, की ते सॉफ्टवेअर कायमचं त्या घरचं होतं. एका कार्डाला एकच घर.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती नगरला, कल्याण नावाच्या दुकानदाराच्या काचेच्या कपाटात. डावीकडे माउसची खोकी, उजवीकडे प्रिंटरच्या शाईच्या बाटल्या. येणारी बहुतेक गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "कार्ड कशाला? फुकटातलं द्या की टाकून." कल्याणशेठ मान हलवायचे, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं आणि मी तिथेच राहायचो. पाच महिने असे गेले.

८ सप्टेंबरला, सोमवारी, भुरभुर पावसात राजेश्वरीताई आल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, हातात कापडी पिशवी आणि एक वही. वहीत त्यांनी प्रश्न लिहून आणले होते, नंबर घालून.

"हे किती दिवस चालंल?" त्यांनी विचारलं. हा चौथा प्रश्न होता.

"कार्डवालं घेतलं तर कायमचं, ताई. पहिला महिना ते बिनकार्डाचं चालतं. महिना भरला की अक्षरं मागतं. तवा हे खरवडायचं. आन् कार्ड जपून ठेवा बरं का. हरवलं तर दुसरं मिळत नाही."

ताईंनी वहीत लिहिलं, 'कार्ड जपून ठेवणे', आणि खाली दोन रेघा ओढल्या. खरवडायचं मात्र लिहिलं नाही. ते लक्षात राहील असं त्यांना वाटलं असावं.

एक जुना संगणक आणि मी, असे आम्ही त्यांच्या घरी पोचलो. जामखेडपासून अठरा किलोमीटरवरचं गाव. घरात तीन माणसं. राजेश्वरीताई, टेम्पो चालवणारे त्यांचे यजमान बिभीषण, आणि सासूबाई मनकर्णा, ज्यांना ताई 'आत्याबाई' म्हणतात. मनकर्णाबाईंनी बावीस हंगाम ऊस तोडला आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत.

या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून उसाला जातात. आईबाप गेले की मुलंही ट्रकमध्ये बसतात आणि शाळा सहा महिने सुटते. मुलांना मागे ठेवायचं तर शाळेत हंगामी वसतिगृह लागतं, आणि वसतिगृह हवं तर मुलांची यादी ठरलेल्या तक्त्यात भरून ठरलेल्या तारखेच्या आत तालुक्याला पाठवावी लागते. राजेश्वरीताई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत. हे काम त्यांचं.

गेल्या वर्षी त्यांनी यादी तालुक्यातल्या एका दुकानात भरून घेतली होती. शेवटचा दिवस, मागे रांग, टाईप करणारा घाईत. नऊ मुलांच्या जन्मतारखा चुकल्या आणि ती नऊ नावं परत आली. दुरुस्ती होईपर्यंत ट्रक निघून गेले. त्या नऊ जणांत चौथीतली धनश्री होती. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. जाताना ती तशी वाचत नव्हती. हे ताईंनी पाहिलं आणि त्याच महिन्यात त्या नगरला जाऊन संगणकांची चौकशी करून आल्या.

९ सप्टेंबरला सॉफ्टवेअर बसवलं. घरात मोबाईलची रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. तिथे फोन ठेवला, संगणकाला त्याचं इंटरनेट जोडलं आणि ताई वहीत बघून एकेक बटण दाबत गेल्या. पडद्यावर टक्के दिसू लागले. मनकर्णाबाई भाजी निवडत समोर बसल्या होत्या.

"किती शिजलं?"

"त्रेचाळीस, आत्याबाई."

"मंद आचंवर हाय म्हन की."

सकाळी अकराला सुरू केलेलं दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शिजलं. ताईंनी पहिल्या ओळीत धनश्रीचं नाव टाईप करून पाहिलं आणि मग पुसलं.

१२ सप्टेंबरला माझ्या बाबतीत जे घडलं, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. बिभीषण यांचे टेम्पोचे कागद एकदा पावसात भिजून लगदा झाले होते. तेव्हापासून या घरात कामाचा कागद तसा राहत नाही, त्याला लॅमिनेशन होतं. रेशन कार्ड, शाळेचे दाखले, मनकर्णाबाईंच्या डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळ्यांना प्लॅस्टिक. त्या दिवशी ते लायसन्स घेऊन जामखेडला निघाले होते. ताईंच्या वहीतली दोन रेघांची ओळ त्यांनी वाचलेली होती, म्हणून मलाही खिशात टाकलं.

दोन गरम रुळांमधून मी गेलो आणि दोन्ही बाजूंनी बंद होऊन बाहेर पडलो. घरी आल्यावर त्यांनी मला ताईंच्या हातात दिलं.

"घे. आता पान्यात पडलं तरी काय हुनार न्हाई."

"बरं केलंत," ताई म्हणाल्या.

"माझं बी आन की करून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लई दिवस टिकंन."

सगळे हसले. मला प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवलं. पट्टी अजून खरवडलेली नाही, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. इतकं जपलं जाण्याची मला सवय नव्हती.

८ ऑक्टोबरला, बुधवारी, महिना भरला. सत्तावीस मुलांपैकी एकोणीस नावं भरून झाली होती. ताईंनी प्रत्येक जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी दोनदा ताडून पाहिली होती. त्या दिवशी फाईल उघडली, दिसली, पण तिच्यात एक अक्षर उमटेना. पडद्यावर पाच रिकामे चौकोन आले. ताईंनी मला बाहेर काढलं, डब्यातून एक नाणं घेतलं आणि पट्टीवर घासलं. प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उठली. आणखी एक रेघ. मग त्यांचा हात थांबला.

"अवं, ह्याला कागद चढवायच्या आधी खरवडलं हुतं का?"

बिभीषण जेवत होते. "काय खरवडायचं?"

ताईंनी मला त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"तूच लिव्हलं हुतं, जपून ठिवा म्हनून."

"व्हय. मीच लिव्हलं हुतं."

बिभीषण यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

गुरुवारी सकाळी ताईंनी कल्याणशेठना फोन लावला.

"लॅमिनेशन? खरवडायच्या आधी?" कल्याणशेठ म्हणाले. "ताई, पंधरा वर्षं दुकान चालवतोय, हे पहिलंच. पावती आन् कार्ड घेऊन या, कंपनीला पाठवू. आठ-दहा दिवस धरा."

"यादी उद्या पाच वाजंपर्यंत द्यायची हाय."

"मग अवघड हाय, ताई."

ताईंनी मोबाईलवर फाईल उघडून पाहिली. दिसत होती, पण त्या तक्त्यात भरता येत नव्हतं. बिभीषण ब्लेड घेऊन आले. एका कोपऱ्याशी त्यांनी प्लॅस्टिक उचकटलं, तर माझ्या कडेचा रंगच निघून आला. त्यांनी ब्लेड लगेच खाली ठेवलं.

"जामखेडला जाऊ. गेल्या साली दिलं तसं भराया देऊ," ते म्हणाले.

"गेल्या सालीबी तेच केलं हुतं."

"मग काय करायचं, ते तरी सांग."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दोनपर्यंत बघू. दोनला न्हाई झालं तर टेम्पो काढा."

असा तो शुक्रवार उजाडला. सकाळी ताई शाळेत जाऊन उरलेल्या आठ मुलांच्या तारखा लिहून आल्या. बाराला घरी आल्या तेव्हा मनकर्णाबाईंच्या भाकरी होत आल्या होत्या.

"आन इकडं ते," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, ब्लेडनं बी निघालं न्हाई."

"ब्लेडनं कसं निघंल? पळीपापड कधी ब्लेडनं काढत्यात का? गरम करून चिकटलंय ना ते? मग गरम करूनच सुटंन."

पळीपापड प्लॅस्टिकच्या कागदावर घालतात आणि उन्हात वाळवतात. ओला असताना ओढला तर फाटतो, फार वाळला तर तडकतो. कड आपोआप उचलली की मगच सोडवायचा. मनकर्णाबाई हे काम चाळीस उन्हाळे करत आल्या आहेत. त्यांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढून जाळ कमी केला, तव्यावर सुती फडक्याची चौपदरी घडी ठेवली आणि तिच्यावर मला ठेवलं, पट्टी वर करून. वरून आणखी एक फडकं झाकलं.

बिभीषण दारात येऊन उभे राहिले. "आये, जळंल ते."

"तू टेम्पोचं बघ."

ऊब हळूहळू माझ्या अंगात शिरली. रुळांमधली ती पहिली ऊब मला आठवली, पण ही तिच्याहून पुष्कळ सावकाश होती. दर थोड्या वेळाने त्या झाकण उचलून माझ्या कोपऱ्यावर बोट टेकवायच्या. एक वाजून वीस मिनिटांनी कोपरा जरासा वर आला. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि न सरळ होणाऱ्या त्या दोन बोटांत प्लॅस्टिक धरलं. ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालून मला दाबत राहिल्या. प्लॅस्टिक केसाकेसाने सुटत गेलं. चंदेरी पट्टी त्याच्याबरोबर निघाली आणि खाली अक्षरं दिसू लागली.

ताई वहीत उतरवत होत्या. "के. सात. टी. एन. चार..."

शेवटच्या गटाशी आल्यावर प्लॅस्टिक एका झटक्याने सुटलं. बावीस अक्षरं माझ्या पाठीवर होती. उरलेल्या तीन जागा पांढऱ्या होत्या.

"गेली," ताई म्हणाल्या.

"जातील कुठं? कागदावर आली असतील," मनकर्णाबाईंनी निघालेलं प्लॅस्टिक उलटं करून उजेडात धरलं. "ही बघ काळी काळी."

पट्टीच्या आतल्या बाजूला तीन काळ्या खुणा चिकटून आल्या होत्या, पण उलट्या. ताई बघत राहिल्या. मनकर्णाबाईंनी कोनाड्यातला कुंकू लावायचा आरसा काढला आणि प्लॅस्टिकसमोर धरला. त्यांना एक अक्षरही वाचता येत नाही.

"सरळ दिसतंय का आता?"

"दिसतंय. डब्ल्यू. नऊ. आन् हे बी, न्हाई तर आठ."

एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. फोन खिडकीत ठेवला. ताईंनी एका बोटाने पंचवीस अक्षरं टाकली, शेवटी आठ. पडद्यावर आलं, किल्ली चुकीची आहे. बिभीषण यांनी टेम्पोची चावी खिळ्यावरून काढून हातात घेतली. ताईंनी आठ पुसला आणि बी टाकला. रेंजची एक काडी गेली. त्यांनी फोन गजाच्या बाहेर धरला. काडी परत आली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला.

दोन वाजून चार मिनिटांनी तो थांबला. खाली लिहून आलं होतं की उत्पादन सक्रिय झालं आहे.

"काय म्हनतंय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"शिजलं, आत्याबाई."

बिभीषण यांनी चावी खिळ्याला लावली आणि मागच्या दाराने बाहेर गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. आत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

उरलेली आठ नावं भरायला ताईंना दोन तास लागले. प्रत्येक तारीख बिभीषण वहीतून वाचायचे आणि ताई टाईप केल्यावर त्यांना ती पुन्हा वाचायला लावायच्या. चार वाजून एकवीस मिनिटांनी यादी गेली.

माझं काम तिथे संपलं. ज्या अक्षरांसाठी मी जन्मलो, ती आता संगणकात आहेत आणि माझा दुसऱ्या कुणाला काही उपयोग नाही. तरी ताईंनी मला टाकलं नाही. माझ्या पाठीवरच्या तीन पांढऱ्या जागांत त्यांनी बॉलपेनने डब्ल्यू, नऊ आणि बी लिहिलं. पुढच्याच आठवड्यात बिभीषण मला घेऊन पुन्हा जामखेडला गेले, या वेळी आधी ताईंना विचारून. आता मी पुन्हा प्लॅस्टिकमध्ये आहे, रेशन कार्ड आणि डोळ्याच्या चिठ्ठीच्या मध्ये. काळजी घेणाऱ्या माणसांना माझी एवढीच विनंती आहे: आधी खरवडा, मग जपा.

सोमवार, २७ ऑक्टोबर. ढगाळ, दुपारी थोडी भुरभुर. फाईलमध्ये माझ्यासमोर आज वसतिगृहाच्या पहिल्या दिवसाच्या हजेरीचा कागद आला. मंजुरी १७ तारखेला आली होती, सत्तावीस नावांना. ऊस तोडणाऱ्यांची एक टोळी १५ तारखेलाच कर्नाटकातल्या कारखान्याला गेली. तिच्याबरोबर अजिनाथ गेला, इयत्ता तिसरी. हजर सव्वीस. पहिलं नाव धनश्री, इयत्ता पाचवी, हजर.