खुब्यातल्या पेशी

“हललं तर चित्र पुसट होतं, काकू. श्वास रोखून बघा,” संशोधक मुलगी म्हणाली.

कवायतबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शाळेत मुलींना कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. ‘पाठ ताठ’ एवढं म्हटलं की अख्खं मैदान सरळ व्हायचं. आणि त्यांचाच खुबा मोडला, तो साधी बादली उचलताना. शस्त्रक्रियेत काढलेला हाडाचा तुकडा अभ्यासाला द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “न्या. असलं कुचकामी हाड मला नको.” तेव्हापासून घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं होतं. आज लेकीने हट्टाने या प्रयोगशाळेत आणलं.

काचेखाली लांबट पेशी एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

“या माझ्या? जिवंत?”

“तुमच्याच. हाड बांधणाऱ्या. आता ही दुसरी बशी बघा. हिला आम्ही हार्मोन दिलंय, पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं कमी होतं ते.”

“दोन्ही सारख्याच दिसतात की.”

“दिसतात. पण पहिल्या बशीतल्या पेशी सतत निरोप धाडतात. जखम झाली, ताप आला की शरीराचे पहारेकरी धाडतात ना, तसलेच. ते निरोप वाढले की हाड कुरतडणाऱ्या पेशी चेकाळतात. हार्मोन दिलं की गलका कमी होतो.”

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी कुठे कमी पडले नाही?”

“उलट, व्यायाम केलात म्हणून हाड इतकी वर्षं टिकलं असेल. तुमच्या पेशी इथे सगळ्यांत जोमाने वाढल्यात, काकू. आमचे सर तर प्रत्येक पाहुण्याला त्याच दाखवतात.”

लेक हसली. “आई, आता महिनाभर घरात हेच ऐकावं लागणार आम्हाला.”

“ऐकाल. न ऐकून जाल कुठे?” बाई म्हणाल्या.

“आणखी काही प्रयोगांना वापरू का या पेशी?” संशोधक मुलीने विचारलं.

“वापरा की. पण कामाला लावा. नुसतं बसवून ठेवायची आमच्यात पद्धत नाही.”

मुलीने बशा उबदार पेटीत ठेवून काचेचं दार लावलं. निघताना बाईंनी त्या काचेवर तळहात टेकवला, शर्यतीआधी मुलींच्या पाठीवर ठेवायच्या तसा, आणि क्षणभर तसाच राहू दिला.