दुखणं पळवणारे तीन थेंब

बाजाराच्या दिवशी बेटांच्या मुलखातल्या मिल्न बे खाडीच्या धक्क्यावर सुपारीवाल्या बायकांपेक्षा ब्रदर लेमेकला जास्त गिऱ्हाईक असे. नारळीखाली तो हातात हिरवा शिंपला घेऊन उभा राही आणि भोवती निदान साठ माणसं. काहींचे डोळे आलेले, बाकीचे नुसते बघे.

"या रे दुखणेकऱ्यांनो! हे पाणी नव्हे, स्वर्गाचं दंव आहे! सातव्या ढगावरून निघतं ते थेट माझ्या शिंपल्यात. मी कोण? मी नुसता शिंपला धरणारा. करतो तो वरचा!"

करत असेल वरचा. मोबदल्याची डुकराची मांडी मात्र खालचाच घरी नेई.

म्हातारा कोळी तोवासी पुढे झाला. लाल डोळा, गालावर पाण्याची धार. लेमेकने तीन थेंब टाकले. अर्ध्या मिनिटात म्हाताऱ्याने डोळा उघडला.

"गेलं! आत काटा फिरत होता, गेला की रे!"

गर्दीतून 'ओऽऽ' असा सूर उठला.

कडेला रताळी घेऊन डोरिका उभी होती. दवाखान्यातली ती एकटी नर्स, बावीस वर्षांची. लेमेक येऊन दोन महिने झाले होते आणि तिच्या वहीत या काळात चार नावं चढली होती. चौघांच्या डोळ्यात आधी कचरा गेलेला किंवा ओरखडा आलेला. चौघांनीही रोज दंव घेतलं. चौघं तिच्याकडे आले ते बुबुळावर पांढरा डाग घेऊन. तिने चौघांना होडीत बसवून मोठ्या इस्पितळात धाडलं. खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. पाचवा तोवासी, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात सुपारीच्या रांगेतून किंकाळी आली.

ती तिची भावजय इलाया होती. खारट हवेत चुना बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसतो. मग इथला प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो: झाकण दातांत धरतो, बाटली मुठीत दाबतो आणि ओढतो. डोरिकाने हे किती जणांना 'करू नका' म्हणून सांगितलं होतं! इलायानेही तेच केलं. झाकण फट्‌दिशी उडालं आणि मूठभर चुना इलायाच्या उजव्या डोळ्यात गेला.

"लिंबू पिळा! चुन्याला लिंबू मारतं!"

"लिंबू कसलं? ब्रदरकडे न्या!"

पावसाच्या पाण्याची टाकी वीस पावलांवर होती. लोकांनी इलायाला उचलून उलट्या दिशेला नेलं. डोरिका गर्दीतून वाट काढीत पोचेतो थेंब पडले होते आणि इलाया चक्क हसत होती.

"ताई, थांबलं गं! जराही दुखत नाही!"

"आता तीन दिवस पाणी लावू नकोस," लेमेक म्हणाला. "पाण्याने दंव रुसतं."

"इलाया, चल टाकीवर. चुना आत आहे, डोळा जाळतोय."

"जळत असता तर दुखला नसता का?"

"बरोबर बोलली पोर!" गावपंच टोबायस गरजला. "बाई, तुम्हाला पोटदुखी झाली आहे. तुमच्या गोळ्यांना कुणी विचारत नाही म्हणून!"

डोरिका वाद घालत बसली नाही. वाद घालायला मिनिटं लागतात. तिने लेमेकच्या हातातला शिंपला काढून घेतला.

"पंच, जीभ बाहेर काढा. स्वर्गाचं दंव आहे, बाधणार थोडंच?"

साठ माणसांदेखत पंचाला नाही म्हणता येईना. तिने त्याच्या जिभेवर दोन थेंब टाकले, दोन स्वतःच्या जिभेवर, आणि थांबली.

"काय होतंय?"

"काही नाई... जी... जीब कुटं गेली माजी?" टोबायस बोटांनी जीभ चाचपू लागला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझीही गेली," डोरिका जड जिभेने म्हणाली. "जीभ काय दुखत होती? चांगली होती, ती बधिर झाली. डोळाही बरा झालेला नाही, बधिर झालाय. डॉक्टर डोळ्याला सुई लावण्याआधी टाकतात ते हे औषध. रोज टाकलं तर बुबुळ सडतं. झोळी दाखव, लेमेक."

लेमेकने झोळी पोटाशी धरली. पंचाच्या बायकोने ती हिसकून उपडी केली. सहा बारक्या बाटल्या पडल्या, सगळ्यांवरची चिठ्ठी खरवडलेली.

"सातवा ढग होय हा?" ती म्हणाली.

तोवर डोरिकाने इलायाला टाकीच्या नळाखाली धरलं होतं. वरची पापणी उलटी केली, तर आत चुन्याचे खडे. ओल्या कापसाने ते टिपले आणि संथ धार धरली. अर्धा तास. मधेच थेंबांचा अंमल उतरला आणि इलाया गुरासारखी ओरडू लागली.

"हाल बघवत नाहीत हो," टोबायस कळवळला. "ते दंव टाका ना जरासं!"

"ओरडू दे. दुखतंय म्हणून तिला कळतंय की डोळा संकटात आहे."

ती लगेच इलायाला आणि तोवासीला होडीत घेऊन इस्पितळात गेली. तोवासीचा घाव उथळ होता, भरून आला. इलायाचा डोळा वाचला, पण त्याच्या खालच्या बाजूला कायमचं धुकं राहिलं. दहा मिनिटं आधी धुतला असता तर कदाचित राहिलं नसतं, डॉक्टर म्हणाले. डोरिकाने ते वहीत लिहिलं आणि वही मिटली.

तेव्हा बाबांनो, डोळ्यात चुना, सिमेंट, सोडा, काहीही गेलं तर लिंबू नको, मंत्र नको. आधी स्वच्छ पाणी, अर्धा तास, मग डॉक्टर. आणि कुणी तुमचं दुखणं चुटकीसरशी थांबवलं, तर टाळ्या पिटण्याआधी एवढंच विचारा: बरं झालं, की नुसतं कळेनासं झालं?