फुंकरबाबांची गार पिल्लं

गिरणीवरच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं. पुढे स्टेजवर एक पत्र्याचा ट्रे आणि त्यात कोंबडीची इवलीशी पिल्लं आडवी पडलेली. माना लुळ्या, पाय लांब झालेले, डोळे मिटलेले.

"नीट बघून घ्या," फुंकरबाबा माइकवर म्हणाले. "नंतर म्हणू नका, बाबांनी फसवलं. आहे का यात जीव?"

पुढच्या रांगेतल्या एका बाईने बोट लावून पाहिलं. "नाही. गार पडलंय."

"गार पडलंय. इथे डॉक्टर हात झटकतो. आम्ही हात लावतो."

त्यांनी एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि स्टेजवरच्या मोठ्या पिवळ्या दिव्याखाली उभे राहिले. पिल्लावर फुंकर घातली आणि बोलायला लागले. शरीर म्हणजे भाड्याचं घर, प्राण म्हणजे भाडेकरू. भाडेकरू मरत नसतो, रुसून बाहेर जातो. घराची दुसरी किल्ली मात्र सगळ्यांकडे नसते. मग पुन्हा फुंकर. अधूनमधून गरम पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून घोट घेत होते. त्यांचं भाषण लांबत गेलं. भाडेकरू, किल्ली, कुलूप, सगळं झालं. आणि मग ओंजळीतून 'चिव' असा बारीक आवाज आला.

मागे कुणीतरी रडायला लागलं.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, मी त्यांना आईच म्हणते, माझं मनगट धरलं. "बघितलंस?"

"बघितलं."

"तोही असाच गार पडला होता."

तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून मला काही फारसं वाटेनासं झालं होतं. मी शिलाईच्या कारखान्यात जायचे, शर्टांच्या कॉलरी शिवायचे, घरी यायचे. भाजीत मीठ नसलं तरी ताट रिकामं झाल्यावर कळायचं.

बाहेर पडताना आई म्हणाल्या, "बाबा म्हणतात ते खरं. तू थोडी घाई केलीस. लगेच स्मशानात न्यायला दिलंस त्याला."

त्या ओरडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या.

पिल्लं आमच्या घरीही होती. नवऱ्याने कोंबड्या पाळायचं मनात घेतलं होतं. अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीला सांगून ठेवलं होतं, पण पिल्लं आली तेव्हा तो नव्हता. परत कुठे पाठवायची, म्हणून ठेवून घेतली. फ्रिजचा एक मोठा खोका आडवा केला, तळाशी लाकडाचा भुसा पसरला, वरून दिवा सोडला. पाण्याच्या बशीत गोट्या टाकल्या, म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत. दुकानातलं थर्मामीटर आत टांगलं. पण ते बघावं लागायचं नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली की त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी टाकून बसली की उकडतं आहे. विखरून दाणे टिपत असली की ठीक. सकाळ-संध्याकाळ मी दिवा वरखाली करायचे, भुसा बदलायचे, घाण चिकटलेली शेपटी कोमट पाण्याने पुसायचे. जीव लावला होता असं म्हणता येणार नाही. काम होतं, करत होते.

आईंनी मात्र त्या हॉलमध्ये जाणं वाढवलं. मग एक दिवस त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांची पट्टी मला जशीच्या तशी भरलेली दिसली.

"आई, गोळी घेतली नाही?"

"बाबा म्हणाले, गोळी आणि कृपा एका पोटात राहत नाहीत."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टरांनी त्याच्या वेळीही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "गेला म्हणून सांगितलं होतं."

मी पट्टी परत डब्यात ठेवली.

त्याच आठवड्यात दुपारी कारखान्यातून आले तर घरात चिवचिव नव्हती. आई हॉलवर गेल्या होत्या. खोलीची खिडकी वाऱ्याने उघडली होती आणि दिवा गेला होता. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती. वरची उचलली. गार. मान लुळी, पाय लांब. अगदी ट्रेमधल्यासारखी.

मला रडू आलं नाही. मी खिडकी लावली, दिवा बदलला, पिल्लं एकेक करून त्याखाली ओळीने ठेवली. का ठेवली, विचाराल तर सांगता येणार नाही. हाताला सवय होती. मग चहा टाकला. चहाला उकळी आली तेव्हा खोलीतून आवाज आला, 'चिव'. जाऊन पाहिलं तर एक पिल्लू मान वर करायला धडपडत होतं. मग दुसरं. चहा उतू गेला तरी मी तिथेच उकिडवी बसून होते. एक सोडून सगळी उठली. एक राहिलं, ते पुढे ताठ झालं.

आनंद झाला म्हणावा तर तसंही नाही. पण काहीतरी कळलं.

गल्लीच्या टोकाला जनावरांची डॉक्टरीण बसते. तिला विचारलं.

"नवीन पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही," ती म्हणाली. "गारठलं की श्वास इतका मंद होतो की दिसतही नाही. मेल्यासारखं पडतं. वेळेत ऊब मिळाली तर उठतं. उशीर झाला की संपलं."

"मुद्दाम गारठवलं तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बर्फाच्या पेटीत थोडा वेळ ठेवलं की झालं. पण बरीच दगावतील. कोण करतंय असं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी येते."

पुढच्या बैठकीला आम्ही तिघी गेलो. आई माझ्या एका बाजूला, डॉक्टरीण दुसऱ्या बाजूला. माझ्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं, सकाळी मेलेलं, ताठ झालेलं एक अशक्त पिल्लू होतं. ट्रे आला. बाबांचं बोलणं सुरू होण्याआधी मी उठून पुढे गेले.

"बाबा, मीही एक आणलंय. याच्यापासून सुरू करा."

त्यांनी रुमाल उघडला, बोट लावलं आणि हात मागे घेतला. "बाहेरून आणलेलं चालत नाही. त्याचा काळ भरला होता."

"आणि ट्रेमधल्यांचा भरला नव्हता, हे तुम्हाला कसं कळलं?"

"श्रद्धा नसेल तर खाली बसा, ताई."

"बसते. फक्त ट्रेमधलं एक आमच्या आईंच्या हातात द्या. त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा जास्त आहे."

हे त्यांना नाकारता येईना. समोर सगळं गाव बसलेलं. मी ट्रे उचलला तेव्हा त्याच्या तळाला दव धरल्यासारखं पाणी होतं. आईंना स्टेजवर बोलावून दिव्याखाली उभं केलं आणि ट्रेमधलं एक पिल्लू पुढे केलं. "ओंजळ करा. बोलू नका, फुंकर घालू नका. नुसतं धरा."

आई घाबरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिल्लू छातीशी धरलं. बाबा माइकवर कलियुगाबद्दल बोलत राहिले. कुणी ऐकत नव्हतं. बऱ्याच वेळाने आईंची बोटं हलली. त्यांनी हात उघडले. पिल्लू डोळे उघडून बसलं होतं, चोच उघडत होतं.

"मी काहीच केलं नाही," आई म्हणाल्या. त्यांच्याजवळच माइक होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टरीण तोवर स्टेजमागच्या खोलीत जाऊन आली होती. तिने बर्फाची पेटी दोन हातांनी उचलून आणली आणि टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. आत बर्फ, त्यावर फडका, फडक्यावर आणखी पिल्लं. एका कोपऱ्यात वेगळी पिशवी होती. त्यात न उठलेली. मग तिने माइक घेऊन जे मला सांगितलं होतं तेच सांगितलं, त्याच साध्या आवाजात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही लोक उठून गेले. काही तिथेच बसून राहिले, आणि पिल्लं बर्फात का ठेवली असतील याचं त्यांचं त्यांनीच काहीतरी उत्तर शोधलं. फुंकरबाबा पेला टेबलावरच ठेवून मागच्या दाराने निघून गेले.

घरी येताना आई म्हणाल्या,

"म्हणजे तो खरंच गेला होता."

"हो."

"माझ्या हातात दिला असता तरी..."

"नाही आई. दवाखान्यात डॉक्टर दमेपर्यंत त्याची छाती दाबत होते. मी दारातून बघत होते. घाई कुणीच केली नाही."

त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या आणि रडल्या. तो गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही, ते अजूनही येत नाही. घरी गेल्यावर त्यांनी गोळी मागून घेतली, पाण्यासोबत गिळली आणि पिल्लांच्या खोक्याशी जाऊन बसल्या.

मला भाषण करता येत नाही. पण कुणी तुमच्यासमोर मेलेलं जिवंत करून दाखवलं तर रडण्याआधी एवढं विचारा: हे आलं कुठून, इथे आणण्याआधी ते कुठे ठेवलं होतं, आणि माझ्या हातात दिलं तर? ज्याच्याकडे खरं आहे तो या प्रश्नांना रागावत नाही. जो रागावतो, तो पिल्लांवर थांबत नाही. तो तुमच्या गोळ्या बंद करतो, आणि ज्यांना कुणीच वाचवू शकलं नसतं, त्यांच्या मरणाचा दोष तुमच्या घरातल्या माणसावर टाकून जातो.