वाऱ्याला बोटभर वाट

घड्याळजीच्या हातात कायम चिमटा, म्हणून त्याची ताई त्याला चिमट्या म्हणायची. साठी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. पानगळीच्या सुमारास ताई परसातल्या ओल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी तिला पलंगाला खिळवून ठेवलं. तिला दुसरं होतं कोण? घड्याळजीनं दुकान अर्ध्या दिवसावर आणलं आणि कपड्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे राहायला आला. आपण ताईची सेवा करायला आलोय, असं त्याला वाटत होतं. पहिल्याच सकाळी ताईनं तो गैरसमज दूर केला.

"माझं मी बघेन. तू माश्यांचं बघ."

तिच्या खिडकीसमोर परसात मधमाश्यांच्या पाच लाकडी पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ताई उशीला टेकून हुकूम सोडायची आणि तो बाहेर जाळीची टोपी घालून धडपडायचा.

"पेट्यांचा वरचा मजला काढून घे. रिकाम्या खोल्या उबवत बसायला लावू नकोस त्यांना. खालचं दार दोन बोटांवर आण, नाहीतर उंदीर शिरतील. आणि झाकणाखाली भोक दिसतंय ना? ते उघडं राहू दे."

"थंडी शिरेल की, ताई."

"शिरू दे."

घड्याळात श्वाससुद्धा शिरू नये म्हणून त्यानं उभा जन्म झाकणं घट्ट बसवली होती. हे काही त्याच्या पचनी पडेना. पण ताईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यानं भोकं उघडी ठेवली.

मग धुकं आलं. सकाळी परस दिसेनासं व्हायचं, आणि तो चाचपडत जाऊन एकेका पेटीला कान लावायचा. आतून खोल, संथ गुणगुण यायची. लांबच्या खोलीत कुणी झोपेत बोलत असावं तशी. ती कानात घेऊन तो दुकानात जायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून काहीबाही सांगत असायचं आणि याच्या डोळ्यांपुढे मात्र हजारो माश्या एकमेकींना बिलगून, अंधारात हळूहळू जागा बदलत असायच्या. कडेची आत, आतली कडेला. गिऱ्हाईकाला दोनदा हाक मारावी लागायची.

शेवटची पेटी सगळ्यांत अशक्त होती. एका कडाक्याच्या सकाळी त्यानं तिच्या भोकाशी बोट धरलं, तर आतून कोमट वाफ बोटाला लागली. एवढीशी ऊब, तीही वाया चाललेली! त्याचं काळीज गलबललं. जुन्या स्वेटरची लोकर उसवून त्यानं चिमट्यानं भोकात कोंबली. फक्त त्या एकाच पेटीत. दिवसभर त्याला फार बरं वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी पेटीतून आवाज येईना. त्यानं झाकण उचललं. आतल्या बाजूनं थेंब लोंबत होते. भिंतींवर बुरशी धरली होती, आणि माश्यांचा गोळा भिजून, काळा पडून तळाशी पडला होता. मधाच्या चौकटी तशाच भरलेल्या होत्या. मग त्यानं पेटी पुसली, झाकण लावलं आणि घरात गेला.

"शेवटची कशी आहे?" ताईनं विचारलं.

"बरी आहे."

ती रोज विचारायची. तो रोज बरी आहे म्हणायचा.

धुकं विरलं आणि एके दुपारी कोवळं ऊन पडलं. चार पेट्यांमधून माश्या बाहेर पडल्या आणि उन्हात गिरक्या घेऊ लागल्या. सगळं परस सोनेरी धुळीनं भरल्यासारखं झालं. ताई खिडकीतून बघत होती.

"पाचव्या घरातलं कुणी आलं नाही खेळायला," ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगून टाकलं. लोकर, वाफ, बुरशी, सगळं.

"थंडीनं नाही रे मरत त्या," ताई म्हणाली. "त्यांच्याच श्वासाची वाफ झाकणाला लागते, पाणी होतं आणि त्यांच्यावरच गळतं. ओल मारते. पहिल्या वर्षी मी दुलया घातल्या होत्या पेट्यांवर. तेव्हा तीनच होत्या, तिन्ही गेल्या."

"तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवस झाले. तुझं तोंड बघितलं ना."

"मग रोज विचारत का होतीस?"

"पलंगावर पडून दुसरं करमणुकीचं काय होतं?" ती म्हणाली, आणि मग तिनं त्याचा हात धरला. तो लहान मुलासारखा रडला.

कुंपणापलीकडची झाडं कळ्यांनी भरली. वरचा मजला कधी चढवायचा, यावरून मात्र दोघांची जुंपली. ताई म्हणाली, अजून एक थंडीची लाट यायचीय, आठवडाभर थांब. तो डोळ्याला भिंग लावून चौकटींवर वाकला. माश्या एकमेकींचे पाय धरून साखळीसारख्या लोंबत होत्या, आणि चौकटींच्या कडांवर नवं पांढरं मेण चढलं होतं. आत मुंगीला जागा नव्हती.

"आता जागा नाही दिली तर उठतील आणि जातील," तो म्हणाला.

"इतकी वर्षं मी केलंय की तू?"

"तू. पण आत आज मी बघितलंय."

त्यानं चारही पेट्यांवर मजले चढवले. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायची. थंडीची लाट काही आली नाही. दहाव्या दिवशी वरच्या चौकटी मधानं जड झाल्या होत्या. शेजारी राहणाऱ्या माळ्याच्या पेटीतल्या माश्या मात्र उठून कुठल्या कुठे गेल्या. ताईला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "भिंग लावून बघतोस होय रे आत?" आणि वाटीतला लोण्याचा मोठा गोळा त्याच्या पावावर ठेवला.

उन्हाळ्यात पानही हलेना. एका संध्याकाळी तो दुकानातून आला, तर पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचे घोसच्या घोस लोंबत होते. तो दाराकडे धावला.

"ताई, चालल्या!"

काठी टेकत ताई दारात आली. घसरली तेव्हापासून ती या पायऱ्या उतरली नव्हती. त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला आणि एकेक पायरी मोजल्यासारखी ती खाली आली.

"कुठे चालल्या? आत उकडतंय, म्हणून ओट्यावर बसल्यात. दारं पूर्ण उघड, झाकणाखाली काडी सरकव आणि माझी खुर्ची आण."

त्यानं तसं केलं. दाराशी माश्यांची एक रांग डोकं खाली घालून पंख हलवत होती. आतली गरम हवा बाहेर लोटत होती. त्या वाऱ्याला मेणाचा, मधाचा, कसल्याशा फुलांचा वास होता. दोघं तो अंगावर घेत बसून राहिली. डॉक्टर आता तिला एकटीनं राहायला हरकत नाही म्हणाले होते. ते दोघांनाही ठाऊक होतं, पण विषय कुणी काढला नाही.

बोलता बोलता ताईला डुलकी लागली आणि तिची मान कलली. हवा जराशी थंडावली, तशा माश्या एकेक करून आत जाऊ लागल्या. तो हलला नाही. शेवटची माशी आत गेल्यावर त्यानं ताईच्या खांद्याला हात लावला. "ऊठ ताई, चल, आपणही आत जाऊ."