घट्ट म्यान

श्रावणातलं ऊन चुकार. घडीभर येतं, समुद्राच्या पाठीवर रुपेरी खवले पेरतं आणि ढगाच्या पदराआड निघून जातं. देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर ते दोन पाण्यांत उतरतं: पश्चिमेच्या खवळलेल्या, फेनशुभ्र दर्यात आणि पूर्वेच्या निश्चल, हरितगर्भ खाडीत. दोन पाण्यांच्या मधे माडांची रांग, माडांखाली घरांची रांग, आणि त्या रांगेतल्या शेवटच्या घरात मथुरा.

मथुरेला उन्हाचा रंग दिसत नव्हता. तिला फक्त त्याचं सरणं दिसत होतं. नारळी पौर्णिमा जवळ येत होती. दर्याला नारळ वाहिला की होड्या सुटणार, आणि होडीत लवू चढणार. तिचा धाकटा. आता तिचा एकुलता.

थोरला रुपाजी मार्गशीर्षात गेला. जाळं सरसरत पाण्यात उतरत होतं. त्याच्या दोराचा एक वेढा घोट्यात बसला, आणि जाळ्याच्या भाराने त्याला होडीच्या काठावरून खाली ओढून नेलं. सोबती सांगत, पडता पडता दोर कापायला त्याने हात कमरेकडे नेला होता. तिथे फडक्यात सुरी खोचलेली असे. पण पहिल्याच हिसक्याला ती निसटली होती. होडीच्या तळाशी सापडली नंतर, फळ्यांच्या बेचक्यात, मासोळीसारखी लकाकत.

सोबत्यांनी मथुरेच्या हातात सुरी आणून दिली. रुपाजीला आणता आलं नाही.

तेव्हापासून तिच्या मनाच्या किनाऱ्यावर एकच लाट फुटत राहिली. पडली नसती तर. पडली नसती तर.

लवूने होडीवर जाऊ नये म्हणून तिने सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, जेवण टाकून पाहिलं. तो ऐके आणि जाळ्याची भोकं सांधत राही. शेवटी तिने हट्टाची दिशा बदलली. दर्या थांबत नाही, मुलगा थांबत नाही. निदान सुरी थांबवता येईल. रुपाजीची सुरी पदरात गुंडाळून ती बाजाराकडे निघाली. वारा माडांना वाकवत होता, वाळू पावलांना मागे ओढत होती, आणि पदरातलं पातं तिच्या पोटाला, जिथे कधी तो मुलगा होता तिथे, थंडगार टेकत होतं.

बाजाराच्या टोकाला तातोबाचं दुकान. घाटावरून येऊन इथे स्थिरावलेला हा चर्मकार चपला सांधी, पट्टे शिवी. घाटावर असताना त्याने मेंढपाळांच्या सुऱ्यांना म्यानं केली होती. माळरानं तुडवणाऱ्या, काट्याकुट्यांतून धावणाऱ्या माणसांची म्यानं. समुद्र त्याने किनाऱ्यावरूनच पाहिला होता.

मथुरेने सुरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि रुपाजीची हकिकत सांगितली, अगदी सपाट आवाजात, मीठ मोजून द्यावं तशी. मग म्हणाली, "हिका म्यान करून दी. ही पडाक नये. उलटा करून हलवलंय तरी पडाक नये."

तातोबाने कातडं निवडलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं, मधाच्या रंगाचं, जाड आणि तरी सोशिक. रापीने कापून त्याने ते पाण्यात बुडवलं. लहान लहान बुडबुडे सोडत कातडं तळाशी गेलं. पातं तेलकट फडक्यात गुंडाळलं, कारण असं ओलं कातडं लोखंडाला नुसतं टेकलं तरी दोघांच्या मिलनातून शाईसारखा काळा डाग जन्मतो. मग ते मऊ, ओलं, आज्ञाधारक कातडं पात्यावर बसवून तो शिंगाच्या तुकड्याने दाबत राहिला, घोटत राहिला. हळूहळू कातड्यातून सुरीचा आकार वर आला, पाठीचा सरळपणा, पोटाची गोलाई, टोकाची निमुळती चाहूल. गर्भवतीच्या पोटावर बाळाची टाच उमटावी तसा.

मथुरा पाहत होती. तिने डोळ्याला पदर लावला नाही.

चामडं वाळलं, टाके पडले. तिने म्यान उलटं धरलं, झटकलं. सुरी तसूभर सरकली. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"आणखी आवळ," ती म्हणाली.

तातोबाने टाके उसवले, शिवण पात्याच्या आणखी जवळ घेतली. तिने पुन्हा झटकलं. सुरी जागची हलली, नुसती कुजबुजल्यासारखी. तेवढी कुजबुजही तिला सोसेना.

"मावशी, यापरास आवळलं तर काढताना हाताला जोर लागंल."

"जोर आसा तेच्या हातात."

त्याने आवळलं. दुहेरी सुती दोरा, मेण न लावलेला, कारण मेणाने गाठ घसरेल अशी तिला भीती. प्रत्येक टाक्याला दात घट्ट मिटून त्याने दोरा ओढला. दोघं एकाच प्रश्नावर वाकली होती, एक आई आणि एक कारागीर, आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही. सुरी पडेल का? सुरी पडेल का? उलटं करून, झटकून, दगडावर आपटून त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. म्यान मूक राहिलं. नाही पडणार.

पौर्णिमेच्या दिवशी किनारा फुलला. सोनेरी कागदात मढवलेले नारळ, अबोलीच्या वेण्या, ढोलांचा घनगंभीर नाद. लवूने म्यान कमरेला बांधलं आणि मित्रांसमोर सुरी खेचून काढली. कोरड्या कातड्यातून ती करकरत, पण आली. पुन्हा आत सारून त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आये, सुरी कशाक? माकाच आत शिवन टाक."

सगळे हसले. मथुराही हसली, कितीतरी महिन्यांनी. तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पट्ट्याची गाठ पक्की केली.

होडी गेली. आधी होडी, मग होडीचा ठिपका, मग ठिपक्याची आठवण.

मथुरा परतत होती, तेव्हा खाडीच्या काठावर शेजारचे दाजी कुबल आपल्या जुन्या होडीत बादल्यांनी पाणी ओतत होते. पावसाळाभर माडाच्या विणलेल्या झापांखाली कोरड्या राहिलेल्या होडीच्या फळ्या आक्रसल्या होत्या, सांध्यांतून उजेड दिसत होता. कुणीतरी त्यांना चिडवलं, की होडीत पाणी शिरू नये म्हणतात, तुम्ही हौसेने भरताय.

"पिऊं दी तिका पाणी," दाजी म्हणाले. "फुगली काय बघ. सूतभर फट रवाची नाय."

मथुरा थांबली.

दरवर्षी पाहिलेलं. लहानपणापासून पाहिलेलं. कोरडं ते आक्रसतं, भिजलेलं ते फुगतं. लाकूड पाणी पितं, चामडं पाणी पितं आणि फटी मिटतात. सुती दोर भिजला की आखडतो आणि गाठ दगड होते. ह्या किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक असलेलं. आणि तिने, दर्याच्या लेकीने, चामड्याला कोरड्या जमिनीवर प्रश्न विचारला होता. पडेल का, एवढंच विचारलं होतं. निघेल का, हे विचारलंच नव्हतं.

ती पश्चिमेकडे धावली. हाक मारली. वाऱ्याने तिची हाक तिच्याच तोंडात परत कोंबली. समोर नुसता समुद्र, निळा, अथांग, निर्विकार; आणि त्यात कुठेतरी प्रत्येक तुषार उडून एका कमरेवर बसत होता, प्रत्येक थेंब एका कातड्यात जिरत होता. जाळं आता उतरत असेल. दोराची वेटोळी आता उलगडत असतील. त्यांच्या मधे त्याची पावलं असतील.

दुपार वितळली. ऊन तांबूस झालं, मग तांबडं, मग जखमेच्या कडेसारखं जांभळं. ती पाणी प्यायली नाही. कुणी बस म्हटलं तर ती बसली नाही.

मग होड्या आल्या. एकेक करत, काळ्या, थकलेल्या, पक्ष्यांनी वेढलेल्या. आणि एकीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकाला, लवू. उभा. ओलाचिंब. हसरा.

तो उडी टाकून पाण्यात उतरला. मांडीभर पाण्यात ती त्याच्यापर्यंत पोचली होती. किती मासळी मिळाली ते तो सांगू लागला. तिने ऐकलं नाही.

"काढ," ती म्हणाली.

त्याने हसत मुठीला हात घातला. ओढली. हसू ओठांवरच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्याने पाय रोवून पुन्हा ओढली. मनगटाच्या शिरा तटतटल्या. मग त्याने आईकडे पाहिलं.

तिने दोन्ही हातांनी म्यान धरलं. त्याने दोन्ही हातांनी मूठ धरली. दोघं ओढू लागली, मावळत्या उजेडात, कमरेपर्यंत चढत्या पाण्यात, सगळं बळ लावून.

लाट येई आणि चामडं भिजे. लाट जाई आणि चामडं मिटे. आणि आत ते पातं, धारदार, लखलखीत, निश्चळ.