उणे सतरा आणि झांजा

सेनेचा बँड आमच्या कायानी गावात येणार हे कळल्यापासून मी कुणाला शांत बसू दिलं नव्हतं. स्वातंत्र्यदिनाची मुख्य परेड दर वर्षी वेगळ्या गावात होते. यंदा आमचा नंबर लागला होता आणि तो परत लागेपर्यंत माझे केस पांढरे झालेले असणार. शिवाय चर्चपासून चौकापर्यंतचा शेवटचा मार्च आम्हा मुलांच्या बँडने सेनेच्या बँडबरोबर वाजवायचा होता. बरोबर! एकाच रांगेत! मी क्लॅरिनेट वाजवते. गेल्या वर्षापर्यंत मागे उभी राहून नुसते गाल फुगवायचे, यंदा चक्क पुढे आले होते. ही बातमी वर्गाला, बसच्या ड्रायव्हरला आणि दातांच्या डॉक्टरांनाही (तोंडात त्यांचं यंत्र असताना) सांगून झाली होती.

सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी, शाळेच्या जिममध्ये आम्ही जमलो. बाहेर अजून अंधारच होता. सेनेच्या बँडच्या प्रमुख कॅप्टन राउतियो आत आल्या, बूट आपटून बर्फ झाडला आणि म्हणाल्या, "उणे सतरा. लाकडी वाद्यं पेटीतच राहतील. तडकतात. पितळ आणि ढोल तेवढे येतील."

बस्स. एवढंच. माझं क्लॅरिनेट लाकडीच. माझं आयुष्य संपलं आणि त्या हातमोजे काढत होत्या.

"अगं तुइस्कू, तू झेंडा धर ना," माझी मैत्रीण हिल्ला म्हणाली. ती हॉर्न वाजवते आणि तेव्हा तो कोटाच्या आत घेऊन पिल्लासारखा उबवत बसली होती. "छोटासा. कागदी."

"तू गप."

"दातांच्या डॉक्टरांना मी कळवू का?"

मी तिला मारायला हात उचलला, तेवढ्यात दार उघडून एक सैनिक आला. त्याचं मनगट पट्टीत होतं. बसमधून उतरताना बर्फावर घसरला होता. तो झांजा वाजवायचा. कॅप्टनबाईंनी कपाळाला हात लावला. माझा हात वर होताच. मी तो खाली घेतलाच नाही.

"मी वाजवते झांजा!"

"कधी वाजवल्यास?"

"आज," मी म्हणाले.

हिल्लाला ठसका लागला. आमच्या बँडच्या शिक्षिका तेर्ही छताकडे बघायला लागल्या. कॅप्टनबाईंनी मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. "ओत्सो, हिला घे. जमलं नाही तर झांजांशिवाय जाऊ."

ओत्सो म्हणजे त्यांचा ढोलवाला. एकोणीस वर्षांचा, सक्तीच्या सैनिकी वर्षात बँडमध्ये आलेला. कान टोपीत मावत नव्हते. त्याने मला कॉरिडॉरमध्ये नेलं आणि झांजा हातात दिल्या. बापरे, काय वजन!

"टाळ्या वाजवल्यासारखं करू नकोस," तो म्हणाला. "सपाट आपटलीस तर मध्ये हवा अडकते आणि फुस्स होतं. तिरकी धर. एक कड आधी, मग बाकीची."

फुस्स. परत फुस्स. मग एकदा असा आवाज झाला की शाळेचे शिपाईकाका झाडू घेऊन बाहेर आले.

"हां!" ओत्सो म्हणाला. "हे तुर्कांकडून आलं बरं का. त्यांचे झांजा-ढोल ऐकून युरोपातले सगळे राजे म्हणायला लागले, आम्हालाही पाहिजे. आमचा बँड आधी स्वीडनच्या राजासाठी वाजवायचा, मग रशियाच्या झारसाठी, मग एकदाचा स्वतःसाठी. मालक बदलले, ढोल तसाच."

"आणि युद्धात? युद्धात काय वाजवायचे?"

"युद्धात काय वाजवणार? स्ट्रेचर उचलायचे. माझे पणजोबा ट्रॉम्बोनवाले. ते म्हणायचे, जखमी माणूस नेतानाही पाय जुळवून चालायचे, म्हणजे त्याला हिसके बसत नाहीत." त्याने ढोल खांद्यावर चढवला. "लोक ट्रंपेट ऐकतात. पाय आपल्याला ऐकतात. तू माझा डावा पाय बघ, बाकी काही बघू नकोस."

चर्चसमोर रांगा लागल्या. सगळं गाव उभं होतं, तोंडातून वाफा सोडत. कॅप्टनबाईंचा हात खाली आला, मी झांजा उचलल्या आणि...

फुस्स.

हिल्लाने मागे वळून पाहिलं. वाजवताना! तिचे डोळे हसत होते.

"तिरकी," ओत्सो ओठ न हलवता म्हणाला.

पुढचा ठोका लागला. त्याच्या पुढचाही. झण्ण! झण्ण! खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या आणि मला ओरडावंसं वाटलं, पण तो मार्च होता. डावा, उजवा, डावा.

बेकरीच्या कोपऱ्यावर मात्र सूर बारीक व्हायला लागला. आधी आमचा एक ट्रंपेट बंद पडला. मग दुसरा. मग हिल्लाचा हॉर्न. माझ्या लगेच लक्षात आलं. स्की कधी उबदार घरातून थेट बर्फावर नेऊ नये, खाली बर्फ गोठून चिकटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सैनिकांनी आपली वाद्यं पहाटेपासून थंड ओसरीत ठेवली होती आणि सूर बदलायला दाबायच्या खटक्यांत, गोठू नयेत म्हणून, स्पिरिटचे थेंब टाकले होते. आमच्या पोरांनी लाडाने उबवली होती! आतली वाफ गोठली, खटके जाम.

वाद्य बंद पडलं की पायही विसरतात. हिल्लाचा उजवा पडला तिथे बाकीच्यांचा डावा होता. तिच्या मागचा मुलगा तिला अडखळला. आमची अख्खी रांग विस्कटत चालली होती आणि शेजारी सैनिक तसेच सरळ. आमच्याच गावात, सगळ्यांसमोर!

"जोरात," ओत्सो म्हणाला.

मी जोरात वाजवल्या. मग आणखी जोरात. आणि ओरडलेच, "हिल्ला! तोंडाने!"

"काय?"

"तोंडाने वाजव ना! ता-रा-रा!"

हिल्लाने हॉर्न काखेत मारला. ती आधी इतकी लाजली की कान लाल झाले (किंवा थंडीने असतील), आणि मग मोठ्याने सुरू झाली, "ता-रा-रा, ता-रा-रम!" तिच्यामागून ट्रंपेटवाली पोरं. मग सगळी. आमचे लोक रस्त्यावर उभं राहून गातात वगैरे असं काही नाही, पण एका आजोबांनी छडी बर्फावर ठोकायला सुरुवात केली. आमचे पाय जुळले. मला समोर दिसत होतं, सगळ्या टाचा एकदम वर, एकदम खाली. आणि त्या माझ्या झांजांच्या ठोक्यावर पडत होत्या.

चौकात थांबलो. कॅप्टनबाई सावकाश आमच्या रांगेसमोर आल्या.

"गायला कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी हिल्लाकडे बघितलं. हिल्लाने माझ्याकडे बोट दाखवलं. मैत्रीण!

"मी," मी म्हणाले.

कॅप्टनबाईंनी तेर्हींकडे पाहिलं. तेर्ही खांदे उडवून हसल्या. मग कॅप्टनबाई चौकाच्या मागच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, "तिकडच्यांना नीट ऐकू आलं नसेल. परत एकदा, सुरुवातीपासून. माझे वाजवतील, तुमचे गातील." आणि माझ्याकडे वळून, "झांजा, या वेळी पहिल्या ठोक्यापासून."

"हो!"

ओत्सोने डावा पाय जरा पुढे सरकवला. मी एक झांज तिरकी धरली, आणि कॅप्टनबाईंचा हात खाली आला. झण्ण!